दुखायच्या आधी बसणारी बाई

अक्का,

तुमच्या मातीच्या दिवशी रस्त्याला माणसं उभी होती. आंबवड्याकडचा कुणी पाव्हणा गाडी थांबवून विचारत होता, कोण गेलं म्हणून. आपल्या आळीतल्या एकानं तुमचं नाव सांगितलं, भाऊजींचं सांगितलं, घर कुठलं ते सांगितलं, तरी पाव्हण्याच्या डोक्यात उजेड पडेना. शेवटी आळीतला म्हणाला, "आवो, बसकी गेली, बसकी." लगेच ओळख पटली. पाव्हण्यानं हात जोडले आणि गाडीला किक मारली.

मी दोन हातांवर उभी होते, तोंडाला पदर लावून. ते नाव तुम्हाला मी ठेवलं होतं. पंचेचाळीस वर्षांपूर्वी, भर खाचरात, सात घरच्या माणसांसमोर. तुम्हाला ते माहीत होतं, कारण तुम्ही तिथंच होतात. आणि पंचेचाळीस वर्षांत एकदाही ते माझ्या तोंडावर फेकलं नाहीत. तुमच्या सगळ्या खोड्यांमध्ये मला या खोडीचा सगळ्यात जास्त राग आहे.

तेव्हा आधीच सांगते, मी हे रडायला लिहीत नाही. रडायला दुसऱ्या बाया होत्या, त्यांनी ते काम चांगलं केलं. मी भांडायला बसलेय. तेरावं होईस्तोवर कळ काढली, कारण सुतकात भांडू नये म्हणतात.

गेलेल्या माणसाला लोक लगेच गरीब गाय करून टाकतात. तुम्ही गाय नव्हता. धाकट्या जावेला सरळ उत्तर द्यायचं नाही, असं व्रतच घेतलं होतंत तुम्ही. भाकरी कशी झाली विचारलं तर म्हणायचात, भूक होती. नवं लुगडं कसं दिसतं विचारलं तर म्हणायचात, अंग झाकलंय. आणि बांधावर बसायचात ते अशा थाटात, की जणू खाली चिखलात वाकलेले आम्ही सगळे तुमचे गडी.

माझं तर काय सांगावं. वीस वर्षांची होते, लग्नाला वर्ष होत होतं, आणि पाठ देवानं फक्त वाकायला दिली आहे असा माझा समज होता. भाताच्या आवणीला लागले की एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत कंबर सरळ न करता रोप लावत जायचे, आणि पोचल्यावर कुणी बघितलं का ते बघायचे. कुणी बघितलं नसेल तर खोकायचे. डोक्यावर गवताचे दोन भारे घ्यायचे, जिथं एक पुरला असता. त्या पोरीला आज कुणी माझ्यासमोर आणून उभी केली, तर तिच्या एका कानाखाली देऊन मगच बोलेन.

माझ्या लग्नाच्या आदल्या साली तुम्ही पेंढा काढताना माळ्यावरून पडला होतात. महिना-दीड महिना खाटेवर होतात म्हणे, मग उठलात. सासूबाईंच्या लेखी गोष्ट तिथं संपली. हाड जुळलं, बाई उठली, आता काय दुखतंय? उठलेल्या माणसाचं दुखत नाही, असा आपल्या घरचा कायदा होता. तुमची कंबर हा कायदा मानत नव्हती, म्हणून सासूबाईंनी बिब्बा काढला.

त्यांचे हात थरथरायचे, म्हणून काम माझ्याकडं आलं. बिब्बा सुईला टोचला, दिव्यावर धरला, तेल सुटलं तसे तुमच्या कमरेवर दोन्ही बाजूंना टिपके दिले. कातडी भाजल्याचा वास मला अजून आठवतो. तुम्ही पालथ्या पडून होतात. साधं 'स्स' केलं नाहीत. दिवा विझायच्या आधी मी निकाल देऊन टाकला होता. जिला बिब्बा पोळत नाही, तिची कंबर कसली दुखतेय? हा शोध मी पाणवठ्यावर हंडा भरायच्या आत चौघींना सांगितला. शाळा सातवीपर्यंत झालेली. तेवढ्या शाळेत माणूस केवढा हुशार होऊ शकतो बघा.

मग आवण आली. आपल्याकडं तेव्हा इर्जिक होती. सात घरांनी एक व्हायचं, प्रत्येक घरनं माणूस द्यायचं, आज याचं खाचर, उद्या त्याचं. सगळ्यांनी एका ओळीत उभं राहायचं, आपापली पात धरायची आणि लावत लावत मागं सरकायचं. त्यात एकजण बसला की त्याची पात शेजारच्याला ओढावी लागते. आपल्या घरनं त्या साली दोघी होतो, आणि तुमच्या शेजारची पात माझी होती.

तुम्ही बसायचात. तेही कसं? कमरेवर हात नाही, कण्हणं नाही, तोंड वाकडं नाही. चांगल्या हसत-बोलत असायचात आणि मध्येच हातातली मूठ ठेवून बांधावर जाऊन बसायचात. थोड्या वेळानं परत चिखलात. परत लावायला लागायचात, परत चांगलं चाललेलं असताना बसायचात. दोन दिवस मी तुमच्यावर पाळत ठेवली. दुखत असताना बसणारी माणसं मला माहीत होती. दुखत नसताना बसणारी बाई म्हणजे कामचुकार, याहून वेगळा अर्थ माझ्या डोक्यात मावत नव्हता.

तिसऱ्या दिवशी तुम्ही बसलात आणि मी कंबर सरळ केली. त्या सगळ्या आवणीत एवढ्यासाठीच केली असेन. म्हणाले, "आमच्या दावणीला एक बसका बैल हाय. औताला जुंपला की बसतो."

सगळे हसले. तुमच्याकडं मी बघितलं नाही. हसणाऱ्यांकडं बघत होते, किती जण हसतात ते. दुसऱ्या दिवशी लहान पोरंसुद्धा तुम्हाला बसकी म्हणत होती.

पुढच्या साली तुमची चूल वेगळी झाली, आणि इर्जिकीला तुमच्या घरी कुणी बोलवायला आलं नाही. बसक्या माणसाचं घर कोण घेणार? तुमचं रोप वाफ्यात वाट बघत पिवळं पडलं. तुम्ही आणि भाऊजी दोघंच श्रावणापर्यंत लावत होता, आणि बांधाच्या अलीकडून मी ते बघत होते. त्यातही तुम्ही मध्ये मध्ये बसतच होता, म्हणून मला आणखी चेव यायचा. वाटायचं, एवढं होऊनही ही बाई सुधारत नाही.

मग सात वर्षांपूर्वी देवानं माझ्याकडं बघितलं.

कुठून पडले नाही, काही उचललं नाही. एका सकाळी कंबर धरली ती धरलीच. भोरच्या डॉक्टरनं फोटो काढला आणि गादी सरकली म्हणाला. पट्टा दिला, सुया दिल्या, गोळ्या दिल्या. वेल्ह्याच्या बाजूला एक चोळणारा होता, त्यानं असं चोळलं की चार दिवस कंबर विसरले, पाठच दुखत होती. आणि माझं वागणं काय? ज्या दिवशी बरं वाटेल त्या दिवशी मागचं सगळं काम उपसायचं. गोधड्या धुवायच्या, अंगण सारवायचं, पोत्यातलं धान्य वाळत घालायचं. मग तीन दिवस भिंतीकडं तोंड करून पडायचं आणि सून जवळून गेली की कण्हायचं. ती लांब असेल तर जरा मोठ्यानं कण्हायचं. हे चक्र दोन वर्षं फिरलं. बरे दिवस कमी होत गेले, आणि शेवटी मी खाटेवरून नातवंडांवर ओरडणारी म्हातारी तेवढी उरले.

लेकानं पुण्याला नेलं. दुखण्याचाच डॉक्टर होता तो, दुसरं काही बघत नव्हता. माझे सगळे फोटो त्यानं चाळले आणि बाजूला ठेवले. मला विचारलं, घरी कुत्रं आहे का. मी म्हटलं, हाय. तो म्हणाला, चोर आला की ते भुंकतं, ते चांगलंच आहे. पण एखादं कुत्रं चोर निघून गेल्यावरही भुंकत राहतं. मग पान हललं तरी भुंकतं. तुमच्या कमरेचं तसं झालंय. चोर गेला, भुंकणं राहिलं.

मी म्हटलं, म्हणजे माझं दुखणं खोटं?

तो म्हणाला, भुंकणं कधी खोटं असतं का? ऐकू येतं ना तुम्हाला?

त्याला दगड मारून उपयोग नाही, म्हणाला. हळूहळू सवय लावावी लागते. त्यासाठी मला दोन गोष्टी सांगितल्या. बऱ्या दिवशी जास्त करायचं नाही, वाईट दिवशी पडून राहायचं नाही. आणि काम करताना दुखेपर्यंत थांबायचं नाही. घड्याळ लावायचं, चांगलं चाललेलं असताना उठायचं आणि बसायचं. दुखायच्या आधी बसायचं.

अक्का, मी त्याला विचारलं, एखादी बाई दुखत नसताना बसत असेल, तर ती कामचुकार नव्हे का? तो हसला. म्हणाला, ती बाई मला भेटवा, माझ्या निम्म्या पेशंटना ती शिकवेल.

येताना एस.टी.त मी लेकाशी एक शब्द बोलले नाही. कापूरहोळला त्यानं चहा आणला, तोही नको म्हटलं. त्याला वाटलं, दुखतंय. मला मात्र तुमचा संताप येत होता. हे तुम्हाला माहीत होतं. कुणी शिकवलं नव्हतं, कुठला डॉक्टर नव्हता, तुमचं तुम्ही चिखलात उभं राहून शोधून काढलं होतंत, आणि माझ्याशी एका अक्षरानं बोलला नव्हता.

चौथ्या दिवशी तुमच्या दारात आले. मध्ये एक भिंत, पण त्या दारात मी कार्य सोडून कधी आले नव्हते. तुम्ही शेंगा फोडत होता. माझ्या कमरेच्या पट्ट्याकडं बघितलंत आणि तुमच्या डोळ्यांत जो आनंद मावेनासा झाला, तो मी तुम्हाला मेल्यावरही माफ करणार नाही.

"बस, धाकटे," म्हणालात. मग विचारलंत, "झाडताना किती येळ दुखत न्हाई?"

मी म्हटलं, वीस मिनिटं.

"मग पंधराला बस."

एवढीच तुमची शाळा. पण मास्तरीण काय होतात, बाप रे बाप. भिंतीवरून लक्ष ठेवायचात. माझा हात जरा रंगात आला की पलीकडून आवाज यायचा, "ठेव तो खराटा." मी म्हणायचे, अजून दुखत न्हाई. तुम्ही म्हणायचात, "म्हून तर ठेव." आणि ज्या दिवशी खरंच मरणाचं दुखायचं, त्या दिवशी दारात येऊन उभ्या. ऊठ, अंगणात चार फेऱ्या मार. मी रडकुंडीला येऊन म्हणायचे, दुखतंय हो. तुमचं उत्तर ठरलेलं. "दुखू दे. तू चाल." सासूनंसुद्धा मला एवढं छळलं नव्हतं. त्या काळात मी तुम्हाला मनातल्या मनात जे बोलले, ते कागदावर येण्यासारखं नाही.

दुखणं गेलं नाही. ते आजही आहे, हे लिहिताना दोनदा उठून आले. पण पंधरा मिनिटांची वीस झाली, विसांचा पाऊण तास झाला. बाजारच्या दिवशी भोरला जाऊन यायला लागले. नातीची वेणी घालायला लागले. सून एकदा म्हणाली, आत्या, तुम्ही कण्हायच्या थांबलात, घर ओकंओकं वाटतंय. हे सगळं तुमचं देणं, अक्का. कबूल करताना दात करकरतात, पण लिहून ठेवते.

आपलं भांडण एकच अपुरं राहिलं. मी तुम्हाला विचारलं होतं, तेव्हाच का नाही सांगितलंत? एक वाक्य बोलायचं होतं. म्हणायचं होतं, दुखायच्या आधी बसले तर दिवसभर लावू शकते, दुखेपर्यंत लावलं तर चार दिवस उठता येत नाही. तुम्ही शेंगा फोडता फोडता म्हणालात, "सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

काय म्हणाले असते ते आपल्या दोघींना माहीत होतं. बसायला नवं निमित्त शोधलं, असं म्हणाले असते. आणि तेही मोठ्यानं.

त्याच दिवशी बिब्ब्याचं निघालं. मी म्हटलं, तेव्हा तुम्ही हूं की चूं केलं नव्हतंत. तुम्ही म्हणालात, चटका लई होता, पण त्यापायी कंबर दोन दिवस गप्प होती. पडल्यापासनं तेवढंच दोन दिवस बरं गेलं होतं. वर म्हणालात, "तुझा हात हलका होता." मी उठून घरी आले. असं बोलतात का माणसाला? शिवी दिली असतीत तर बरं झालं असतं.

त्या नावाचं मात्र मला बोलता आलं नाही. तीनदा आले होते बोलायला. एकदा तुमचा लेक संभा घरात होता. एकदा तुम्ही म्हणालात, "मागचं उकरू नगंस, धाकटे, ते निवडायला घे," आणि पुढ्यात तांदळाचं सूप सरकवलंत. तिसऱ्यांदा मीच तोंड उघडून हवापाण्याचं बोलले. वाटलं, दोघी आहोत अजून. तुमची कंबर तुम्हाला मारणारी नव्हती, हे मला डॉक्टरनं सांगितलेलं होतं. तुमच्या काळजाकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.

शेवटचं बोलणं काय झालं तेही लिहिते, म्हणजे लोकांना कळेल तुम्ही किती गोड होता. मी दोन गोधड्या एका दमात धुतल्या. तुम्ही भिंतीवरून बघितलंत. म्हणालात, "एवढं शिकवून गाढव ते गाढवच. मर तिकडं." मी म्हटलं, तुम्ही आधी. तिसऱ्या दिवशी सकाळी संभानं हाक मारली. तुम्ही आयुष्यात माझं एकच ऐकलंत, आणि तेही असलं.

तेराव्याला पंगत उठल्यावर मी माणसांना थांबवलं. म्हटलं, अक्काला आजपासून बसकी म्हणायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग संभाच्या वयाचा एकजण म्हणाला, काकू, बसकीच्या खाचरात बुधवारी आवण लागतीय, ट्रॅक्टर सांगितलाय. त्याचं त्याला कळलंसुद्धा नाही. मी ओरडले तर तो घाबरून म्हणाला, मग कुठलं खाचर म्हणू? आणि खरंच, अक्का, त्या खाचराला दुसरं नाव उरलेलं नाही. ते नाव आता जमिनीला लागलंय. ते पुसायला मी पुरणार नाही.

म्हणून बुधवारी खाचरात गेले. अलीकडं परत इर्जिक सुरू झाली आहे, कारण पोरं सगळी कंपनीत जातात आणि मजूर मिळत नाही. सुनेनं दारात आडवं होण्याचंच बाकी ठेवलं होतं. मी तिला म्हटलं, पंधरा मिनिटांसाठी चाललेय, मोज. चिखलात उतरले आणि पात धरली. हात विसरले नव्हते. इंद्रायणीचं रोप होतं, चांगलं तजेलदार. अंगात ती वीस वर्षांची शहाणी परत यायला लागली. वाटलं, पलीकडच्या बांधापर्यंत जावं.

मूठ ठेवली आणि बांधावर जाऊन बसले.

शेजारच्या पातीतली बाई म्हणाली, "काकू, दुखतंय व्हय?"

"न्हाई."

"मग?"

"म्हून बसले."

मागून कुणीतरी म्हणालं, घ्या, दुसरी बसकी आली. हसू फुटलं, जसं तेव्हा फुटलं होतं. खाचरात मला सोडलं तर त्या पहिल्या दिवशीचं कुणी नव्हतं.

मी म्हटलं, "ते नाव अक्काला म्या ठिवलं. ती कामचोर नव्हती. तिची कंबर रोज दुखायची, मी आंधळी होते. ती दुखायच्या आधी बसायची, म्हून उभी राहायची. मला समजलं न्हाई, आन् तिचं रोप वाफ्यात पिवळं पडलं."

कुणाच्या तरी मोबाईलवर गाणं चालू होतं, ते चालू राहिलं. मग सगळे परत वाकले. मला वाटलं, संपलं. एवढ्या वर्षांनी बोलले तेही चिखलात गेलं.

थोड्या वेळानं खालच्या आळीतली नवी सून ओळीतून बाहेर आली. लग्नाला वर्षही झालं नसेल. तिनं पाय धुतले नाहीत, माझ्याकडं बघितलं नाही. येऊन शेजारी बसली, हात मांडीवर ठेवून. मी चार बोटं सरकले.

तिची सासू खाचरात कंबर सरळ करून आमच्याकडं बघायला लागली. काहीतरी बोलणार होती. तोंड उघडलंही होतं. मी तिच्याकडं असं बघितलं, अक्का, की ती मुकाट्यानं वाकली आणि सुनेची पात ओढायला लागली.

पोरीला काय दुखतंय, ते मी विचारलं नाही.